शिक्षकाची उन्हाळी उमेदवारी

उन्हाळ्याची सुट्टी विद्यार्थ्यांस प्रिय असते हें सर्वश्रुत आहे. ती शिक्षकांस त्याहूनहि प्रिय असते, हें आम्ही शिक्षक मात्र चारचौघांत बोलत नाहीं. उत्तरपत्रिका तपासून झाल्या, निकाल लागला, कीं गांवीं जावें, आमरसावर ताव मारावा, दोनचार लग्नमुंजी उरकाव्या आणि जूनमध्यें पुन्हां तोच खडू हातीं धरावा, हा आमचा कुलाचार. म्हणूनच, सुट्टी बाजूस ठेवून प्रयोगशाळेंत उमेदवारी करणाऱ्या शिक्षकांची हकीकत वाचनांत आली, तेव्हां प्रथम नवल वाटलें व मागाहून थोडी लाजहि वाटली. लाज कां वाटली, तें आधीं सांगतों.

मी मूळचा संस्कृताचा शिक्षक. परंतु शास्त्रशिक्षक रजेवर असले कीं खालच्या वर्गांचे त्यांचे तास मजकडे येत. 'पेशी' हा शब्द आपल्या प्राचीन वैद्यकांत स्नायूंस उद्देशून योजिलेला आहे, पाठ्यपुस्तकांनीं त्यास नवा अर्थ दिला. रॉबर्ट हुक ह्या इंग्रज संशोधकानें १६६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत बुचाच्या कापांतील सूक्ष्म कप्प्यांस 'खोली' ह्या अर्थाचें नांव दिलें. हें सर्व मी मोठ्या ऐटीनें सांगत असें. मग फळ्यावर एक मोठें वर्तुळ व त्याच्या पोटांत एक लहान वर्तुळ काढलें, कीं पाठ संपला! शब्दाचा इतिहास मला मुखोद्गत होता. वस्तु मात्र मीं जन्मांत पाहिली नव्हती.

एके दिवशीं एका मुलानें विचारलें, "गुरुजी, पेशी जिवंत आहे कीं मेलेली आहे, हें ओळखावयाचें कसें?" उत्तर मला ठाऊक नव्हतें. तसें सांगावयाचें सोडून, "पुस्तकांत आहे तेवढें आधीं पाठ कर," असें म्हणून मीं त्यास खालीं बसविलें. तो बसला, आणि पुढें वर्षभर त्यानें माझ्या तासाला कांहींएक विचारलें नाहीं.

आतां त्या उमेदवारांची हकीकत. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत सॅम्युएल सिल्वरस्टाइन ह्या पेशीशास्त्रज्ञ प्राध्यापकांनीं १९९० सालीं एक उपक्रम सुरू केला. शहरांतील माध्यमिक शाळांच्या शास्त्रशिक्षकांनीं लागोपाठ दोन उन्हाळे, दर उन्हाळ्यांत आठ आठवडे, एखाद्या संशोधकाच्या प्रयोगशाळेंत काम करावें, अशी ती योजना. पाहुणा म्हणून हिंडून पाहणें नव्हे; चालू संशोधनांत स्वतः हात घालणें.

पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळेंतील दिनक्रम कसा असतो, हें वाचकांस कळावें म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. प्राण्यांच्या पेशी तेथें चपट्या पारदर्शक भांड्यांत, गुलाबी पोषक द्रवांत वाढवितात. त्यांस ३७ अंश सेल्सियस उष्णता लागते, आणि भोंवतालच्या हवेंत शेंकडा ५ कार्बन डायऑक्साइड ठेवावा लागतो. द्रव आंबट झाला कीं त्याचा गुलाबी रंग जाऊन पिवळा येतो. भूक लागल्याचें तें जणूं पेशींचें रडणेंच! भांडें उघडावयाचें तें गाळलेल्या हवेच्या कपाटांत, हातमोज्यांवर शेंकडा ७० मद्यार्क शिंपडूनच. आमच्या आजीचें सोंवळें कडक खरें, परंतु ह्या सोंवळ्यापुढें तें कांहींच नव्हे. बुरशीचा एक अदृश्य कण आंत शिरला, तर दोन आठवड्यांची मेहनत व्यर्थ जाऊन भांडें फेकून द्यावें लागतें.

आणि माझ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर? तें तेथें नवख्यास पहिल्या कांहीं दिवसांतच शिकवितात. पेशींच्या द्रवांत ट्रिपॅन ब्लू नांवाच्या निळ्या रंगाचे थेंब मिसळून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. जिवंत पेशीचें आवरण त्या रंगास आंत येऊं देत नाहीं, म्हणून ती स्वच्छ चमकते. मेलेलीचें आवरण निकामी झालेलें असल्यामुळें ती निळी पडते. इतकें सोपें! मुलाचा प्रश्न पोरकट नव्हता. संशोधक तोच प्रश्न रोज विचारीत असतात.

ह्या उमेदवारीचें फळ काय, हें विद्यार्थ्यांच्या परीक्षेवरून पाहण्यांत आलें. तो वृत्तांत २००९ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. उपक्रमांत शिरण्यापूर्वींच्या वर्षीं ह्या शिक्षकांचे व इतर शिक्षकांचे विद्यार्थी राज्याच्या शास्त्रपरीक्षेंत सारख्याच प्रमाणांत उत्तीर्ण होत होते. शिरल्यानंतरच्या तिसऱ्या व चौथ्या वर्षीं मात्र उमेदवारी केलेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचें उत्तीर्ण होण्याचें प्रमाण शेंकडा १०.१ नें अधिक भरलें. शिवाय असे शिक्षक नोकरी सोडून जाण्याचें प्रमाणहि घटलें.

हें कां घडलें असावें? केवळ माहिती वाढली म्हणून, असें मला वाटत नाहीं. माहिती पुस्तकांतहि मिळते. चाळीशीचा शिक्षक आपल्याहून निम्म्या वयाच्या संशोधकाकडून नळी धरावयास शिकतो, चुकतो, भांडें फुकट घालवितो, आणि 'मला ठाऊक नाहीं, पुन्हां करून पाहूं' हें वाक्य निःसंकोच उच्चारूं लागतो. वर्गांत परतल्यावर तो मुलाच्या शंकेस भीत नाहीं.

आपल्या देशांतहि तीन विज्ञान-अकादमींनीं मिळून विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांसहि उन्हाळ्यांत दोन महिने संशोधनाची संधि देण्याची योजना काढली. ज्यांच्या घरांत कोणी तरुण शिक्षक वा शिक्षिका असतील, त्यांनीं त्यांस अशा उमेदवारीसाठीं अवश्य मोकळीक द्यावी. एका सुट्टींतील लग्नकार्यें त्यांच्यावांचून अडणार नाहींत.

माझी वेळ निघून गेली. तो मुलगा आतां कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. भेटलाच, तर ट्रिपॅन ब्लूची गोष्ट मी त्यास सांगेन; परंतु त्याआधीं, त्या दिवशीं जें म्हणावयाचें राहिलें तें म्हणेन, "बाळ, मला ठाऊक नव्हतें."