छातीतले पाणी जोखणाऱ्या सूक्ष्मलहरी

‘छातीत पाणी झाले’ असे बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी कुणी सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सुई येते. फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये साठलेले पाणी, अनेकदा क्षयरोगामुळे झालेले, सुईने काढता येते हे बहुतेकांना ठाऊक असते. हृदय दुर्बळ झालेल्या रुग्णाचे पाणी मात्र वेगळे. ते फुप्फुसाच्या आतही, स्पंजात मुरावे तसे मुरते. तेथे सुईचा उपयोग नाही. लघवी वाढवणारी औषधे देऊनच ते उतरवावे लागते.

हृदयाचा डावा कप्पा रक्त पुरेशा जोराने पुढे ढकलू शकला नाही, की मागच्या बाजूला, म्हणजे फुप्फुसातील शिरांत, दाब वाढतो आणि रक्तातील द्रव झिरपू लागतो. हा दाब धाप लागण्याच्या कित्येक दिवस आधीपासून चढत असतो. रुग्णाला त्याचा पत्ता नसतो आणि स्टेथोस्कोपलाही तो पुष्कळदा उशिरा लागतो. मग एखाद्या रात्री आडवे पडताच जीव गुदमरतो आणि नरसी-नायगावमार्गे नांदेडचा सत्तर-ऐंशी किलोमीटरचा रस्ता गाठावा लागतो. चार दिवस आधी कळले असते, तर कदाचित गोळीची मात्रा वाढवून भागले असते.

ते आधी कळावे म्हणूनच सूक्ष्मलहरींचा विचार पुढे आला. विद्युत क्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो, हे सांगणाऱ्या आकड्याला परावैद्युत स्थिरांक म्हणतात. हवेचा तो जवळजवळ १, तर पाण्याचा ८० च्या आसपास. निरोगी फुप्फुस हवेने भरलेले असते. त्यात पाणी शिरले, की हा आकडा चढतो. छातीवर एक आणि पाठीवर एक असे दोन संवेदक लावून त्यांच्यामधून लहर सोडली, तर ती किती क्षीण झाली आणि किती उशिरा पोहोचली, यावरून आतल्या पाण्याचा अंदाज बांधता येतो. घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधील लहरी याच जातीच्या. पण येथे शक्ती मोबाइल फोनपेक्षाही कमी असते, तेव्हा भाजण्याची भीती नको.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात कार्ल डर्नी आणि मॅग्डी इस्कंदर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातच यावर काम केले होते. पुढे इस्राएलमधील सेन्सिबल मेडिकल या कंपनीने ‘रेड्स’ नावाचे जाकीटवजा उपकरण बाजारात आणले. कपड्यांवरूनच दीड मिनिटाच्या आत ते फुप्फुसातील द्रवाची टक्केवारी देते. २० ते ३५ टक्के ही सर्वसाधारण पातळी मानली जाते.

हा आकडा म्हणजे निदान नव्हे. न्यूमोनियातही फुप्फुसात द्रव असतो आणि संवेदकाला दोहोंतला फरक कळत नाही. दुसरी अडचण आपल्याकडे अधिक बोचणारी आहे. रेड्सच्या चाचण्यांत १५५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचे आणि फार कृश रुग्ण सहसा घेतले गेले नाहीत, कारण छातीचा आकार बदलला की गणित बदलते. भारतीय स्त्रियांची सरासरी उंचीच १५२ सेंटिमीटरच्या आसपास! म्हणजे बिलोली परिसरातील निम्म्याहून अधिक स्त्रिया या उपकरणाच्या मापाबाहेर राहण्याची शक्यता आहे. परदेशी यंत्र विकत आणले म्हणून हा प्रश्न सुटत नाही. येथील शरीरांवर मोजमापे घ्यावी लागतील.

त्याचा पाया मात्र फार दूर नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पाणी, अल्कोहोल आणि अमिनो आम्लांची द्रावणे यांच्या परावैद्युत गुणधर्मांचा सूक्ष्मलहरींच्या पट्ट्यात अभ्यास होत आला आहे. टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री असे त्या पद्धतीचे लांबलचक नाव आहे. तारेतून अतिशय जलद स्पंद सोडायचा आणि द्रावणावर आदळून परतलेली लहर वाचायची, एवढेच त्याचे मर्म. शेतातील मातीचा ओलावाही याच तत्त्वावर मोजतात. विद्यापीठ विष्णुपुरीला आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही विष्णुपुरीलाच. द्रावण मोजणारे आणि हृदयरुग्ण तपासणारे इतके जवळ असणे ही सोय क्वचितच मिळते.

असा संवेदक तालुक्याच्या रुग्णालयात येईपर्यंत घरचा वजनकाटाच कामाला येतो. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत टिपावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ दिसली, तर ती बहुधा चरबी नसते, पाणी असते. धाप लागलेली नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना ती वही दाखवावी.