संगणक जुना झाला, हे ठरवायचे कोणी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबवली. त्या दिवशी एकही यंत्र बिघडले नव्हते, तरीही जगभरातील कोट्यवधी संगणक एका तारखेने ‘जुने’ ठरले. पुढच्या ‘विंडोज ११’साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणक्षमता, ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-यंत्रणा आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, मोजके अपवाद वगळता, २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीचा संगणक कितीही जपून वापरलेला असो, अधिकृतरीत्या तो दाराबाहेरच.

चंदिगडला खेटून वसलेल्या झिरकपूरमधील माझ्या घरचा लॅपटॉपही असाच दाराबाहेर राहिला. भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यावर लिनक्स बसवून पाहिले. पेन ड्राइव्हवरून आधी प्रणाली नुसती चालवून पाहता येते. मूळ डिस्कला धक्का लागत नाही. समाधान झाल्यावर महत्त्वाच्या फायलींची प्रत काढली आणि ‘लिनक्स मिंट’ची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती बसवली. दुपारभरात काम झाले. पत्रलेखन, हिशेब, ईमेल, गुरुमुखी आणि देवनागरी टंकलेखन हे सारे त्यावर चालते. सुरक्षा-अद्यतनेही नियमित येतात.

अर्थात, लिनक्स म्हणजे जादूची कांडी नव्हे. रॅम जेवढी आहे तेवढीच राहते. आज प्रणालीपेक्षा ब्राउजरच अधिक स्मृती खातो आणि एकाच वेळी दहा पाने उघडली की यंत्राला धाप लागते. फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास फरक पडतो, पण तो खर्च वेगळा. शिवाय ३२ बिटी संगणकांना लिनक्सचे दारही आता अरुंद होत आहे; ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘डेबियन १३’मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र इन्स्टॉलर नाही.

घरात हे सारे निभावते, कारण अडचण आली तर ती सोडवायला बसणारा माणूस घरातच असतो. शाळेचे तसे नाही. प्रिंटर चालेना, प्रोजेक्टर जुळेना, तर शिक्षकाने कोणाला विचारायचे? जुन्या संगणकांचा धोरणात्मक प्रश्न इथे सुरू होतो आणि त्याचे देशातील सर्वांत ठोस उत्तर केरळने दिले आहे.

तेथे २००१ मध्ये ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत शालेय संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले गेले. आज ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारित, मल्याळमला साजेशी स्वतंत्र प्रणाली शाळांना पुरवते. परवान्यांवरील सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा दावा या संस्थेने २०१९ मध्ये केला होता. आकडा लक्षवेधी आहे, पण खरी गुंतवणूक माणसांवर झाली आहे. शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यपुस्तकांशी जोडलेली साधने आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी-गटांमार्फत शाळेतच तयार झालेले मदतनीस, यांमुळे ती व्यवस्था टिकली.

केंद्राकडे साधने नाहीत असे नव्हे. ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ पासूनच उपलब्ध करून दिली आहे. सरकारी कार्यालयांनी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, असे धोरण २०१५ मध्ये जाहीर झाले. याच ‘सी-डॅक’चे एक केंद्र झिरकपूरच्या शेजारी मोहालीत आहे. तरीही संस्था आणि शाळा यांच्यातील अंतर रस्त्याच्या लांबीवर ठरत नाही. मदत मागायला कोणी आहे की नाही, यावर ठरते.

एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांवर पुनर्चक्रणाची उद्दिष्टे आहेत; जुनी उपकरणे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही नोंदणीची वाट आहे. सरकारी कार्यालयांतील संगणक निर्लेखित करताना या वाटेचा आधी विचार व्हायला हवा. चालू स्थितीतील ६४ बिटी यंत्रे तपासावीत, त्यांतील माहिती पूर्णपणे पुसावी, हलकी लिनक्स प्रणाली बसवावी आणि मगच ती शाळांना द्यावीत. सोबत प्रत्येक तालुक्यात एक प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमावा. या शेवटच्या अटीविना शाळेला यंत्रे देणे म्हणजे कार्यालयातला कचरा वर्गात हलवणे होय.

परवान्याचा खर्च वाचतो, म्हणून लिनक्स फुकट पडते असे समजू नये. वाचलेला पैसा प्रशिक्षणाकडे वळवला, तरच यंत्राचे आयुष्य किती असावे हा निर्णय विक्रेत्याकडून वापरकर्त्याकडे येईल.