पकडलेल्या कर्बाचा हिशेब

तमिळनाडूत तुतिकोरिन येथील एका रसायन कारखान्याने 2016 मध्ये आपल्या कोळशावरील बॉयलरच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून त्यापासून सोडा अ‍ॅश बनवण्यास आरंभ केला. उद्दिष्ट वर्षाला सुमारे 60 हजार टन वायूचे, तेही सरकारी अनुदानाविना. तंत्रज्ञान होते खरगपूर आयआयटीतून बाहेर पडलेल्या दोन तरुणांच्या कंपनीचे. या प्रयोगाचे जगभर कौतुक झाले, ते रास्तच होते. कारखान्याला हा वायू कच्चा माल म्हणून हवाच होता. बाहेरून विकत आणण्यापेक्षा धुराड्यातून घेणे परवडणारे ठरले.

मला प्रश्न पडतो तो त्यापुढचा. सोडा अ‍ॅश काचेच्या भट्टीत गेली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड सुटून पुन्हा हवेत जातो. युरियाचेही तेच. अमोनिया बनवताना निघणारा हा वायू आपले खतकारखाने कित्येक दशके युरियासाठी वापरत आले आहेत. एक टन युरियात तो जवळपास पाऊण टन मुरतो. शेतात युरियाचे विघटन झाले की थोड्याच दिवसांत मोकळा! एनटीपीसीने विंध्याचलच्या औष्णिक केंद्रात अशाच वायूपासून मिथेनॉल बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला. पण तेही इंधनच, जळणारच. अशा फेऱ्यात लाभ एवढाच, की त्या वस्तूसाठी लागणारा नवा जीवाश्म कर्ब वाचतो. आणि वायू शोषलेले द्रावण पुन्हा वापरायचे तर ते तापवावे लागते. त्यासाठीची वाफ कोळशावर बनली, तर तो लाभही आटतो.

सिमेंटची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथील निम्म्याहून अधिक उत्सर्जन इंधनातून नव्हे, तर भाजल्या जाणाऱ्या चुनखडीतून होते. भट्टी सौरविजेवर चालवली तरी ते थांबणार नाही. हा वायू काँक्रीटमध्ये खनिजरूपाने बांधता येतो आणि तिथे तो दीर्घकाळ टिकतो. उरलेला भूगर्भात साठवावा लागेल. आइसलँडने बेसाल्टमध्ये ते करून दाखवले आहे. आपल्या दख्खनचा पठारी प्रदेशही बेसाल्टचाच, पण त्याची पुरेशी पारख अजून व्हायची आहे.

निती आयोगाने 2022 मध्ये या विषयाचा धोरणात्मक अहवाल दिला. त्यानंतरची चर्चा बहुतांशी किती टन पकडले यावरच फिरते. सरकारी पैसा द्यायचाच, तर तो किती टन किती वर्षे बांधून ठेवले यावर द्यावा, आणि रांगेत पहिला क्रमांक सिमेंटचा लावावा, असे माझे मत आहे. सोडा अ‍ॅशवाल्यांना त्याची गरज नाही. त्यांचे गणित बाजारानेच जुळवून दिले होते.