मन एका वेळी एकाच ठिकाणी

मंडळी, न्यायदर्शनात मन अणुरूप मानलं आहे. का? तर दोन ज्ञानं एकाच क्षणी होत नाहीत म्हणून. हा विचार आता आपण पार्किंगमध्ये नेऊन पाहू.

रात्री मॉलच्या तळघरात आपण गाडीकडे चाललोय, हातात मोबाईल. डोळे उघडे, पण मन मेसेजमध्ये. खांबाआडचा माणूस दिसणार कसा? सायमन्स आणि शाब्री यांच्या १९९९ सालच्या प्रयोगात चेंडूचे पास मोजणाऱ्या सुमारे निम्म्या लोकांना समोरून गेलेला गोरिल्लाचा वेष दिसलाच नव्हता! लुटारूचं काम आपण असं सोपं करतो.

म्हणून लिफ्टमधून बाहेर पडण्याआधीच फोन खिशात आणि किल्ली हातात. गाडीत बसलो, की आधी दारं लॉक. कुणी मागे येतंय असं वाटलं, तर सरळ परत फिरावं, रखवालदाराला सोबत घ्यावं. 'उगाच संशय कसा घ्यायचा?' या संकोचापायी आपण पुढे जात राहतो. अहो, परत फिरणं म्हणजे कुणावर आरोप नव्हे. चाकू दाखवलाच, तर पर्स देऊन टाकावी. सुटल्यावर ११२ लावावा.

मेसेज थांबतो. घरी पोचून वाचू.