आईवडिलांसाठी विंडोज कम्प्युटर सेट करताय? आधी ही ६ कामं करा

नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीत ३० वर्षं मशीन चालवून निवृत्त झालेला माणूस कम्प्युटरला घाबरतो, तो बुद्धी कमी म्हणून नाही. चुकीचं बटण दाबलं तर पीएफचे पैसे जातील, ही त्याची भीती असते आणि ती खोटी नाही. म्हणूनच कम्प्युटर हातात देण्याआधी ही कामं उरकून घ्या.

१. विंडोज कोणतं आहे ते बघा
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप तुमचा कम्प्युटर चालेल की नाही ते सांगतं.

२. दोन अकाउंट बनवा
ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट तुमच्याकडे ठेवा. त्यांना रोजच्या वापरासाठी 'स्टँडर्ड' अकाउंट द्या. मग सिस्टिममध्ये मोठा बदल करायचा असेल, तर विंडोज आधी तुमचा पासवर्ड मागेल.

३. रिकव्हरी की जपा
नव्या विंडोज ११ कम्प्युटरमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप लॉक होते. कधी अडकलं तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती त्याच अकाउंटमध्ये सेव्ह असते. की आणि पासवर्ड वहीत लिहा, वही कपाटात ठेवा.

४. अक्षरं मोठी, कीबोर्ड मराठी
सेटिंग्जमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी'त अक्षरं २२५ टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. 'लँग्वेज अँड रीजन'मध्ये मराठी जोडून 'फोनेटिक' कीबोर्ड निवडा. इंग्रजी अक्षरांनी टाइप केलं की मराठी उमटतं. भाषा बदलायला विंडोज बटण आणि स्पेसबार एकत्र दाबायचा.

५. बँक शोधायची नाही, उघडायची
सर्चमध्ये बँकेचं नाव टाकलं की खोट्या साइटवर जाण्याचा धोका असतो. बँक, पीएफ, वीजबिल यांच्या खऱ्या साइट्स बुकमार्क करून द्या. ब्राउझरची नोटिफिकेशन्स बंद करा. 'व्हायरस सापडला' असे खोटे इशारे बऱ्याचदा तिथूनच येतात.

६. फोनचा नियम ठरवा
मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. टेक सपोर्टच्या नावाने लुटणाऱ्या टोळ्यांवर सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ऑपरेशन चक्र-२' अंतर्गत छापे टाकले होते. लांबून मदत करायला विंडोजमध्येच 'क्विक असिस्ट' आहे, पण ठगही तेच वापरतात. म्हणून घरात एकच नियम: समोरून फोन आला तर स्क्रीन दाखवायची नाही. अडचण आली तर आपणच मुलांना फोन लावायचा.

तरीही पैसे गेलेच, तर ओरडू नका. ओरडण्याच्या भीतीने पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. १९३० हा आकडा मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा.