कॉन्टेसाचं खानदान

हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाला कुणी ‘आपली मसल कार’ म्हटलं की मला हसू येतं. मुळात ती इंग्लंडच्या मध्यमवर्गाची घरगुती गाडी, व्हॉक्सहॉल व्हिक्टर!

व्हॉक्सहॉल 1925 पासून जनरल मोटर्सची. त्यामुळे 1957 च्या पहिल्या व्हिक्टरवर अमेरिकी थाट होता: बाजूंना वळलेली पुढची काच, भरपूर क्रोम. गंजायचीही भरपूर. 1961 ला ती साधी, सरळ झाली आणि 1964 ला खिडक्यांच्या काचांना बाक आला. पण खरी देखणी 1967 ची. मागच्या दाराशी फुगलेली कंबर आणि बॉनेटखाली तिरकं बसवलेलं ओव्हरहेड कॅम इंजिन.

1972 ची शेवटची व्हिक्टर रुंद आणि चापून बसलेली. तिचा तळ जर्मन ओपेल रेकॉर्डशी मिळताजुळता. 1976 ला ती ‘व्हीएक्स’ झाली, 1978 ला बंद पडली आणि साचे हिंदुस्तान मोटर्सकडे आले.

1984 ला त्यांतून कॉन्टेसा आली ती मात्र अॅम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनासह. एवढं मोठं धूड आणि ताकद जेमतेम 50 अश्वशक्ती! चढावर दया यायची. पुढे इसुझूचं 1.8 लिटर इंजिन बसलं, तेव्हा कुठे रूपाला शोभेल असा वेग मिळाला. 2002 पर्यंत ती बनत होती.

जनरल मोटर्सचा मुंबईतला शिवडीचा कारखाना 1954 ला बंद झाला, व्हिक्टर जन्मायच्या तीन वर्षं आधी. नाहीतर ही मुंबईकरच व्हायची, कोण जाणे!