पकड बसली तरच तंतू पुढे सरकतो

कोंबडीचं अंडं दोन-तीन दिवस उबवलं की कवचाला छोटी खिडकी पाडतात. आत इवलासा गर्भ असतो, त्याचं हृदय धडधडताना दिसतं. काचेच्या बारीक नळीने त्याच्या मज्जानळीत रंग मिसळलेला डीएनए सोडायचा आणि दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड धरून विजेचे सौम्य झटके द्यायचे. डीएनएवर ऋणभार असतो, म्हणून तो धन इलेक्ट्रोडच्या बाजूच्याच पेशींत शिरतो. दुसरी बाजू तुलनेला मोकळी राहते. प्रयोग आणि त्याची कसोटी एकाच जीवात! या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

पुण्यात पाषाणला, २००६ साली सुरू झालेल्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत, अर्णब घोष यांची प्रयोगशाळा कोंबडीच्या अशाच गर्भातले चेतातंतू वाढतात कसे, हे शोधते. तंतूच्या वाढत्या टोकाला ‘ग्रोथ कोन’ म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांनी १८९० मध्ये तो प्रथम ओळखला, तोही कोंबडीच्याच गर्भात. या टोकातून फिलोपोडिया नावाचे अॅक्टिन प्रथिनाचे सूक्ष्म धागे सतत बाहेर येतात, चाचपतात, आखडतात. गर्भातले रासायनिक संकेत तेच टिपतात.

२०१४ मध्ये ‘एफएमएन-२’ या जनुकातला बिघाड माणसातल्या बौद्धिक अक्षमतेशी जोडला गेला. या जनुकापासून बनणारं फॉर्मिन-२ हे प्रथिन अॅक्टिनचे धागे घडवणाऱ्या कुळातलं. ते कमी केलं तर फिलोपोडिया उगवणारच नाहीत, असं कुणालाही वाटेल. पुण्याच्या गटाने २०१६ मध्ये वेगळंच दाखवलं. काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींत फॉर्मिन-२ कमी केलं, तरी फिलोपोडिया उगवतात, लांबतातही. पण टोकाशी त्यांची पकड पक्की होत नाही. सिंहगडाच्या कड्यावर चढणाऱ्याला खाच सापडावी आणि बोटं मात्र निसटावीत, तसं. पकड नाही म्हणून ओढ नाही. हे प्रथिन कमी केलेल्या गर्भांत मेरुरज्जूतले तंतू नीट वाढत नाहीत, वाटही चुकतात. ग्रोथ कोनमधलं अॅक्टिन सतत मागे वाहत असतं. फॉर्मिन-२ त्या प्रवाहाला खालच्या पृष्ठभागाशी जोडून देतं आणि त्यातूनच पुढे खेचणारं बल मिळतं, हे पुढे २०२० मध्ये स्पष्ट झालं. जनुकाचं काम इतक्या नेमकेपणाने एका यांत्रिक कृतीपर्यंत पोचवणं, हे मला या संशोधनाचं खरं यश वाटतं.

पण काचेच्या बशीतली निसटलेली पकड वागण्यात उतरते का? २०२१ मध्ये याच गटाने झेब्राफिश या माशाकडे पाहिलं. अचानक आवाज झाला की त्याचं पिल्लू क्षणार्धात अंग वळवून सटकतं. त्यामागे माउथनर ही मोठी चेतापेशी असते आणि तिला चेतवणारे ‘स्पायरल फायबर’ तंतू. हेच जनुक बिघडलेल्या पिल्लांत हे तंतू नीट घडलेच नाहीत. पिल्लं आवाजाला प्रतिसाद देत होती, पण अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं, की त्यांचं तत्काळ सटकणं कमी झालं होतं.